जरा सरका: ०.२ अँगस्ट्रॉमवर चालणारं चुंबकत्व

काचेच्या कुपीत अर्धा ग्रॅम जांभळट गुलाबी पूड घ्या. कुपी ११५-१२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की पूड पांढरी होते आणि खाली ठेवलेलं निओडिमियम चुंबक तिला ओढू लागतं. तिथून ९० अंशांपर्यंत गार केली तरी पांढरीच राहते. ७० च्या खाली उतरली की पुन्हा गुलाबी, आणि चुंबकाची ओढ संपली. आता हीच कुपी खालून वर ९० अंशांवर आणा: पूड गुलाबीच. तापमान तेच, पदार्थ तोच, पण एकदा चुंबकाला दाद देणारा आणि एकदा न देणारा. वरून आला की खालून, एवढ्यावर सगळं ठरतं.

पदार्थाचं पूर्ण नाव लांबलचक आहे. फेरस (दोन धनभारांच्या) लोहाचे अणू एका ओळीत, शेजारच्या दोन अणूंना जोडणारे तीन-तीन ट्रायझोल (नायट्रोजन असलेले कडीसारखे रेणू), आणि साखळ्यांच्या मधल्या फटीत टेट्राफ्लुओरोबोरेट हा ऋण आयन. बोलताना सगळे ‘आयर्न ट्रायझोल’ म्हणूनच मोकळे होतात. १९९० च्या दशकात फ्रान्समधल्या बोर्दोच्या ऑलिव्हिए कान यांच्या गटाने या कुटुंबावर भरपूर काम केलं. रेणूच्या हालचालीने चुंबकत्व कसं बदलतं हे हातात धरून बघायचं असेल तर याच्यापेक्षा सोपा पदार्थ नाही, कारण सगळा खेळ खोलीच्या तापमानाच्या वर चालतो. द्रवरूप हेलियम नको, नायट्रोजनही नको.

हालचाल कसली, तर लोहाभोवतीच्या सहा नायट्रोजनांची. ते साधारण २.० अँगस्ट्रॉमवर (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा दहा अब्जावा भाग) असतात तेव्हा लोहाचे सहा डी-इलेक्ट्रॉन जोड्या लावून बसतात. एकटा कोणी नाही, म्हणून चुंबकत्व नाही. ही लो-स्पिन अवस्था. नायट्रोजन २.२ अँगस्ट्रॉमवर सरकले की लिगंडची, म्हणजे लोहाला धरून बसलेल्या रेणूंची, पकड सैल होते, दोन जोड्या फुटतात आणि चार इलेक्ट्रॉन एकटे पडतात. ही हाय-स्पिन. फरक फक्त ०.२ अँगस्ट्रॉमचा, पण चुंबकीय मोमेंट शून्यावरून ४.९ बोर मॅग्नेटॉनवर (अणूच्या चुंबकत्वाचं एकक) जातो, आणि प्रत्यक्षात मोजला तर थोडा जास्तच भरतो. एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा: ही पूड फ्रिजच्या दाराला चिकटणारं चुंबक होत नाही. ती डायमॅग्नेटिकची (चुंबकापासून किंचित दूर ढकलली जाणारी) पॅरामॅग्नेटिक (चुंबकाकडे ओढली जाणारी) होते. ओढ हलकी असते, पण मोजता येते.

तापवल्यावर नायट्रोजन लांब का जातात? याचं ‘उष्णतेने प्रसरण’ हे उत्तर अपुरं आहे. ऊर्जेच्या हिशेबात लो-स्पिन स्वस्त, पण एंट्रॉपी, म्हणजे विखुरण्याची मोकळीक, हाय-स्पिनच्या बाजूने. त्या एंट्रॉपीतला इलेक्ट्रॉन-स्पिनचा वाटा किती, तर पाच स्पिन-अवस्थांचे १३.४ ज्यूल प्रति मोल प्रति केल्विन. एकूण फरक मात्र साधारण ५० ते ८० भरतो. म्हणजे मोठा हिस्सा थरथरीचा आहे. बंध सैल पडले की लोह-नायट्रोजन कंपनं ४००-५०० प्रति सेंटिमीटरवरून (कंपनाच्या वेगाचं रसायनशास्त्रातलं माप) २००-३०० वर उतरतात, आणि सैल कंपनांत विखुरायला जागा जास्त. तापमान वाढलं की ही बाजू जड होते. अर्धे अणू पलटतात ते तापमान म्हणजे एंथाल्पीतला (ऊर्जेच्या हिशेबातला) फरक भागिले एंट्रॉपीतला फरक. २७ किलोज्यूल आणि ७५ ज्यूल धरले तर ३६० केल्विन. स्पिनची गणितं सगळे पाठ करतात, पण तराजू झुकवते ती थरथर. हाय-स्पिन लोह जागा जास्त घेत असल्याने बाहेरून दाब दिला की संक्रमण वर सरकतं, साधारणपणे एका किलोबारला १५ ते २० केल्विन.

आता ती ‘आठवण’ कुठून येते. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौघं बसलेले असतात, खांदे आवळून. एकट्याने हातपाय पसरायचं ठरवलं तर शेजारचे पसरू देत नाहीत. दादरला दोघं उतरले की बाकीचे ऐसपैस होतात, आणि मग नवीन आलेल्याने ‘जरा सरका’ म्हटलं तरी कोणी लगेच आवळत नाही. आयर्न ट्रायझोलमध्ये शेजारचे अणू ताठ ट्रायझोलने बांधलेले आहेत, त्यामुळे एकाची जागा वाढली की दाब थेट शेजाऱ्यावर. सगळे एकदम पसरतात, एकदम आवळतात, पण वेगवेगळ्या तापमानांना. तापवताना साधारण ३८० ते ३८५ केल्विन, उतरताना ३४५ च्या आसपास. मधली ४० केल्विनची पट्टी म्हणजे हिस्टेरेसिस. हेच लोह द्रावणात सुटं सोडलं की संक्रमण संथ होतं आणि आठवण जाते. लोहाच्या जागी थोडं थोडं जस्त घालत गेलात तरी तेच. जस्त पसरतही नाही, आवळतही नाही, मधेच बसून साखळीची एकजूट मोडतं.

करायचं कसं ते सांगतो. फेरस टेट्राफ्लुओरोबोरेट हेक्झाहायड्रेट १.६९ ग्रॅम, म्हणजे ५ मिलिमोल. पाणी १० मिलिलिटर, आधी उकळून झाकून गार केलेलं किंवा नायट्रोजनचे बुडबुडे सोडलेलं. त्यात ५० मिलिग्रॅम ॲस्कॉर्बिक आम्ल. १,२,४-ट्रायझोल १.०४ ग्रॅम, म्हणजे १५ मिलिमोल, १० मिलिलिटर इथेनॉलमध्ये. दुसरं द्रावण पहिल्यात ढवळत ओता. गुलाबी-जांभळा साका बसू लागतो. झाकून रात्रभर ठेवा, गाळा, पाण्याने एकदा आणि इथेनॉलने दोनदा धुवा, डेसिकेटरमध्ये सुकवा. पूर्ण उतारा आला तर १.७४ ग्रॅम.

एवढ्या साध्या कृतीत बिघडायला बरंच काही आहे. फेरस मीठ पाणी खेचतं. जुलैत मुंबईची हवा ९० टक्के दमट असते, कागदावर काढून ठेवलेलं मीठ चमच्याला चिकटेपर्यंत वेळ लागत नाही. बाटलीसकट वजन करा, हवं तेवढं थेट चंचुपात्रात टाका आणि बाटली पुन्हा तोला. तरी लोह थोडं कमीच पडेल, कारण वजनातला काही भाग पाणीच असतो. पण मग ट्रायझोल किंचित जास्त होतं आणि त्याने नुकसान नाही. उलट तेच हवं. साखळीतल्या दर तिसऱ्या ट्रायझोलने आपला प्रोटॉन सोडायचा असतो, आणि तो उचलायला दुसरा ट्रायझोल लागतो. पाणी अजिबात न घेता नुसत्या अल्कोहोलमध्ये केलंत तर प्रोटॉन न सुटलेला भाऊबंद मिळू शकतो. दिसायला तसाच गुलाबी, पण त्याचं संक्रमण बरंच खाली. मग ‘आमची पूड ११० ला का नाही, ७० लाच पलटते’ असा घोळ सुरू होतो.

साका तपकिरी किंवा पिवळट दिसला तर लोह हवेने फेरिक (तीन धनभारांचं) झालंय. फेकून द्या. धुवून ते जात नाही. ॲस्कॉर्बिक आम्ल फेरिकला परत फेरस करतं, म्हणूनच ती चिमूट, पण आधीच तपकिरी पडलेल्या जुन्या बाटलीला ती वाचवू शकत नाही. आणि टेट्राफ्लुओरोबोरेट मिळालं नाही म्हणून परक्लोरेट वापरायचा मोह कोणाला झाला तर आवरा. नायट्रोजनने भरलेला लिगंड आणि परक्लोरेट, वर तापवायचं: हा स्फोटाचा पत्ता आहे. टेट्राफ्लुओरोबोरेटही ओलं असताना तापत ठेवलं तर सावकाश हायड्रोजन फ्लोराइड सोडतं. पूड नीट सुकवूनच तापवा, १३० अंशांच्या वर नेऊ नका, काम फ्यूम हूडखाली, म्हणजे वायू बाहेर ओढणाऱ्या कपाटात.

डेसिकेटरविषयी जाता जाता. निळं सिलिका जेल गुलाबी पडतं तेव्हा आत कोबाल्टभोवतीचे क्लोराइड हटून पाण्याचे रेणू येतात, चौघांची मांडणी सहांची होते. म्हणजे पूड सुकली की नाही हे सांगणारा पहारेकरीसुद्धा भोवतालच्या सरकण्यानेच रंग बदलतो. कोबाल्ट क्लोराइड तब्येतीला वाईट म्हणून हल्ली नारिंगी जेल मिळतं, ते वापरलेलं बरं.

चुंबकत्व मोजायला पवईची आयआयटी किंवा कुलाब्याचं टीआयएफआर यांच्यासारख्या संशोधन संस्थांतलं, अगदी सूक्ष्म चुंबकत्व टिपणारं स्क्विड मॅग्नेटोमीटर लागतंच असं नाही. पहिली खात्री घरगुती जुळणीने होते. झवेरी बाजारात खडे तोलायला ठेवतात तसा ५० ग्रॅम क्षमतेचा, १ मिलिग्रॅम दाखवणारा काटा घ्या. त्यावर थर्मोकोलचा दहा सेंटिमीटर उंच ठोकळा, आणि ठोकळ्यावर २० मिलिमीटर व्यासाची, १० मिलिमीटर जाडीची निओडिमियम चकती. तिचं वजन सुमारे २४ ग्रॅम. ठोकळा वजनाला हलका म्हणून आणि चुंबक काट्याच्या पोटापासून दूर राहावं म्हणून. महागडे विश्लेषण-काटे आतल्या इलेक्ट्रोमॅग्नेटवर चालतात, त्यांच्यावर चुंबक ठेवलंत तर काटा काहीही बोलेल. स्ट्रेन-गेजवाला साधा काटा इथे जास्त शहाणा.

वरून स्वतंत्र स्टँडला ॲल्युमिनियमचा ४० मिलिमीटर घन ठोकळा टांगा, मधोमध आरपार भोक, त्यात १२ मिलिमीटर आतल्या व्यासाची सपाट बुडाची काचकुपी, बूड ठोकळ्याच्या खालच्या पृष्ठाशी समपातळीत. पूड आणि चुंबक यांत ५ मिलिमीटर अंतर. ठोकळ्यात ४० वॉटचा कार्ट्रिज हीटर, तो लोहार चाळीत मिळतो. तापमान ठरल्या जागी धरणारा पीआयडी कंट्रोलर आणि हीटर चालू-बंद करणारा सॉलिड स्टेट रिले लॅमिंग्टन रोडला. ठोकळ्याचं वजन १७० ग्रॅमच्या आसपास, तापमान मिनिटाला २ अंशांनी चढवायला पाचेक वॉट अधिक जे हवेत जाईल ते. ४० वॉट पुरून उरतात.

थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा तापमापक) घेताना दुकानदार डोळे झाकून के-टाइप देईल. नको म्हणा. के-टाइपची एक तार ॲलुमेलची असते आणि ॲलुमेल खोलीच्या तापमानाला चुंबकाला चिकटतं. त्याहून वाईट म्हणजे त्याचं चुंबकत्व १५० अंशांच्या आसपास संपतं, म्हणजे आपल्या तापमान-पट्ट्यात ते सतत बदलत असतं. काट्यावर सुंदर वक्र येईल, पण तो तारेचा. टी-टाइप घ्या, तांबं आणि कॉन्स्टंटन. स्क्रू पितळेचे. हीटरचं स्टीलचं आवरण चुंबकाला धरून पाहा; धरत असेल तर हीटर ठोकळ्याच्या वरच्या अर्ध्यात बसवा.

आकडा किती येईल? हाय-स्पिन अवस्थेत ससेप्टिबिलिटी (चुंबकाला दाद देण्याचं माप) गुणिले तापमान, म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीत ‘काय-टी’, साधारण ३.४ घनसेंटिमीटर केल्विन प्रति मोल. ४०० केल्विनला मोलर ससेप्टिबिलिटी ०.००८५, रेणुभार ३४९ ने भागून ग्रॅमला २.४ गुणिले दहाचा उणे पाचवा घात. अर्धा ग्रॅम पूड सैल भरली तर कुपीत सेंटिमीटरभर उंची होते. चकतीच्या अक्षावर ५ मिलिमीटरवर क्षेत्र अंदाजे ०.२५ टेस्ला. हिशेब तीस-पस्तीस मिलिग्रॅमच्या घरात येतो, कडेला क्षेत्र पडतं म्हणून थोडं कमी धरा. चुंबक वर ओढलं जातं, त्यामुळे काट्यावरचा आकडा तेवढा उतरतो. पूड गुलाबी झाली की उतरलेला आकडा परत येतो, आणि डायमॅग्नेटिझममुळे अर्धा-एक मिलिग्रॅम उलटाही जातो, पण तो या काट्यावर दिसण्याची आशा धरू नका.

प्रत्यक्ष वाचन घेताना हीटर बंद करा. त्याच्या वेटोळ्यातला प्रवाह चुंबकाला हलवतो. पंखा बंद करा. मे महिन्यात ही शिक्षाच आहे, पण पंख्याखाली मिलिग्रॅमचा काटा स्थिर राहत नाही. सगळ्यात मोठी चोरी मात्र चुंबकच करतं. साधं निओडिमियम ८० अंशांच्या वर कायमचं कमजोर होऊ शकतं, आणि त्याच्या आधीही दर अंशाला ०.१ टक्क्याच्या आसपास क्षेत्र घटतं. गरम ठोकळा वर आणि चुंबक खाली ठेवण्याचं कारण हेच: गरम हवा वर जाते. मधे मिलिमीटरभर जाडीचा टेफ्लॉनचा पत्रा सरकवा. आणि काही झालं तरी रिकामी कुपी घालून संपूर्ण फेरी आधी एकदा करा. ठोकळा तापून थोडा लांबतो, अंतर ०.१ मिलिमीटरने कमी होतं, ॲल्युमिनियम स्वतः किंचित पॅरामॅग्नेटिक आहे. हे सगळं त्या रिकाम्या फेरीत पकडलं जातं आणि वजा करता येतं.

थर्मोकपलचं टोक ठोकळ्यात नको, पुडीत हवं, आणि तेही बुडाशी. पूड उष्णतेची वाईट वाहक. ठोकळा ११५ दाखवत असताना कुपीच्या बुडाची पूड शंभरीतच असू शकते, आणि चुंबकाला दिसते ती बुडाचीच. मिनिटाला १० अंशांनी पळवलंत तर हिस्टेरेसिस ५०-५५ केल्विन रुंद दिसेल आणि छाती फुगेल. त्यातली दहा-पंधरा केल्विन निव्वळ उशिराची. मिनिटाला ५, २ आणि १ अंश अशा तीन फेऱ्या करा. रुंदी वेगाबरोबर कमी होत गेली तर तो भाग यंत्राचा, जी उरते ती पदार्थाची.

सोबत मोबाइलचा कॅमेरा लावला तर रंगाचा वक्र फुकट मिळतो. लो-स्पिन लोह ५२०-५४० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश शोषतं म्हणून गुलाबी दिसतं. हाय-स्पिनचं शोषण ८०० च्या पलीकडे, डोळ्याला न दिसणाऱ्या भागात, म्हणून पांढरं. व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर कुलूपबंद करा, चौकटीत पांढऱ्या कागदाची पट्टी ठेवा, आणि पुडीच्या हिरव्या चॅनेलला कागदाच्या हिरव्या चॅनेलने भागा. ऑटो एक्स्पोजर चालू राहिलं तर पूड पांढरी होताच कॅमेरा चित्र काळवंडतो आणि संक्रमण अर्धं गिळतो. रंग पृष्ठभागाचा आणि वजन आतल्या पुडीचं. दोन्ही वक्र दोन-तीन केल्विनच्या आत जुळले तर मोजमाप विश्वासाचं.

पहिली तापवणी हिशेबात धरू नये. पहिल्या फेरीत उरलंसुरलं पाणी-इथेनॉल निघतं, स्फटिक ताण सोडतात, आणि वर जाण्याचं तापमान बहुतेक वेळा पुढच्या फेऱ्यांपेक्षा वेगळं येतं. दुसरी-तिसरी फेरी एकमेकांवर बसली की तो खरा वक्र. खोलीच्या तापमानाला काय-टी शून्य न येता ०.१-०.२ आलं तर घाबरू नका: साखळीच्या टोकांच्या लोहाला सहा नायट्रोजन मिळत नाहीत, तिथे पाणी बसतं आणि ते लोह कायम हाय-स्पिन राहतं. साखळ्या आखूड, कण बारीक, तेवढा हा शिल्लक हिस्सा मोठा. ०.५ च्या वर आलं तर फेरिकची शंका घ्या. खलबत्त्यात घोटू नका. घोटल्याने दोष वाढतात, उभा वक्र तिरका होतो आणि पट्टी अरुंद. लोखंडी चमचाही नको. स्टीलच्या स्पॅचुलाचा डोळ्याला न दिसणारा कण अर्ध्या ग्रॅम पॅरामॅग्नेटिक पुडीला सहज झाकून टाकतो. चुंबकाचं अंतर बदलून बघा: ओढ क्षेत्राच्या वर्गाने बदलत नसेल तर कुठेतरी फेरोमॅग्नेटिक कण बसलाय.

याच कुटुंबातलं अमिनो-ट्रायझोल नायट्रेट ७५ अंशांच्या आसपास पांढरं होतं आणि ४० च्या आसपास परततं. चुंबकाला हे सोयीचं, पण मेमध्ये खोली ३४-३५ अंशांवर असताना कुपी ४० कडे रेंगाळत उतरते आणि परतीचा वक्र विनाकारण ताणला जातो. बर्फाच्या पाण्याचं भांडं शेजारी लागतं. आणि नायट्रेट असल्याने घोटण्याची मनाई इथे दुप्पट.

नमुना पुढे स्क्विडवर न्यायचा झाला तर दोन गोष्टी. बहुतेक यंत्रं ४०० केल्विनपर्यंतच जातात आणि आपलं संक्रमण ३८५ ला संपतं, म्हणजे वर फक्त पंधराची मोकळीक. जिलेटिन कॅप्सूल आणि प्लास्टिकची स्ट्रॉ त्या तापमानाला टिकत नाहीत. क्वार्ट्‌झ किंवा ॲल्युमिनियमची घडी सांगून ठेवा. दुसरं, आतली जागा कमी दाबाच्या हेलियमची असते, तिथे हायड्रेट (आत पाणी धरलेला) नमुना मोजता मोजता सुकतो आणि वक्र फेरीगणिक बदलतो. उलट कमी तापमानाला ५० केल्विनजवळ छोटा उंचवटा आला तर तो शोध नव्हे, आत गेलेल्या हवेतला गोठलेला ऑक्सिजन आहे.

इथवर हालचाल उष्णतेने घडवली. प्रकाशानेही ती घडते. १९८४ मध्ये जर्मनीतल्या माइन्झच्या फिलिप ग्युटलिश यांच्या गटाने दाखवलं की एका फेरस टेट्राझोल संयुगाला थंडीत हिरवा प्रकाश दिला की लो-स्पिन लोह हाय-स्पिन होऊन तिथेच अडकतं. सुटका नाही, कारण परत यायला नायट्रोजनांना सरकावं लागतं आणि तेवढी थरथर त्या थंडीत नसते. ५० केल्विनच्या वर मात्र ते निसटतं, म्हणून मुंबईत हेलियमशिवाय हा प्रयोग नाही. थरथर कधी शत्रूही ठरते. डिस्प्रोसियम या धातूच्या एका रेणूत चुंबकाची दिशा धरून ठेवायची मजल २०१७ मध्ये ६० केल्विनला आणि २०१८ मध्ये ८० केल्विनला, म्हणजे द्रवरूप नायट्रोजनच्या वर पोहोचली. तिथे गळती होते ती रेणूच्या कंपनांतून, आणि सगळी कारागिरी लिगंड ताठ करण्यात जाते.

खोलीच्या तापमानाला, द्रावणात, प्रकाशाने चालणारी हालचाल जर्मनीतल्या कील विद्यापीठातल्या हर्गेस आणि टुचेक यांच्या गटांनी २०११ मध्ये दाखवली. त्या कामाचे पहिले लेखक सुगुमार वेंकटरमणी आता मोहालीच्या आयसर या विज्ञान संस्थेत आहेत. रचना ग्रामोफोनसारखी: निकेल पॉर्फिरिन (मधे निकेल धरलेला मोठा कडीचा रेणू) ही सपाट तबकडी, तिला बाजूने जोडलेला अझोपिरिडिनचा (प्रकाशाने वाकणाऱ्या अझो बंधाचा) हात, हाताच्या टोकाला नायट्रोजनची सुई. ५०० नॅनोमीटरचा प्रकाश दिला की अझो बंध वाकतो, सुई निकेलवर टेकते, निकेलला पाचवा शेजारी मिळतो आणि दोन इलेक्ट्रॉन सुटे होतात. ४३५ ला हात उचलला जातो आणि निकेल पुन्हा डायमॅग्नेटिक. उघड्या हवेत दहा हजारांहून जास्त फेऱ्या झाल्या तरी ते थकलं नाही. मला हे काम आयर्न ट्रायझोलपेक्षा देखणं वाटतं, पण त्याला शेजाऱ्यांची आठवण नाही. जे काही आहे ते एकट्या रेणूचं.

हे मोजायचं एनएमआरवर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातल्या अणुकेंद्रांचे रेडिओ-संकेत रेषांच्या रूपात दाखवणाऱ्या यंत्रावर, एव्हान्सच्या १९५९ च्या पद्धतीने. आतल्या केशनळीत शुद्ध द्रावक, बाहेर नमुना, आणि द्रावकाच्या दोन रेषांतलं अंतर. ४०० मेगाहर्ट्‌झच्या यंत्रावर लिटरला ५ मिलिमोल पूर्ण पॅरामॅग्नेटिक निकेल असेल तर अंतर सुमारे ३४ हर्ट्‌झ, तेवढ्याच हाय-स्पिन फेरसला जवळपास १००. नवखे इथे द्रावण दाट करतात, म्हणजे अंतर मोठं दिसेल. पण पॉर्फिरिन गडद. शोषणांक दहा हजार धरला तर ५ मिलिमोलच्या द्रावणात ०.२ मिलिमीटर आत जाईस्तोवर नव्वद टक्के प्रकाश संपतो. नळीच्या भिंतीला लागून पातळ थर पलटतो, मधलं द्रावण तसंच, आणि अर्धवट आकड्याला लोक समतोल समजतात. अर्ध्या मिलिमोलवर या, किंवा बाहेर पसरट भांड्यात ढवळत प्रकाश देऊन मग नळीत भरा. पातळ द्रावणात एव्हान्सचं अंतर तीन-चार हर्ट्‌झच उरतं. त्याऐवजी पॉर्फिरिनच्या पायरोल प्रोटॉनची (तबकडीच्या कडेच्या हायड्रोजनांची) रेषा बघा, पॅरामॅग्नेटिक निकेलवर ती ९ च्या जवळून ५० पीपीएमकडे पळते.

एलईडी द्रावण तापवतोही, आणि ससेप्टिबिलिटी तापमानाबरोबर बदलते. म्हणून ५०० आणि ४३५ चे दोन्ही दिवे नळीवर पडणारी शक्ती सारखी ठेवून लावा. रेषा दोन्हींनी एकाच दिशेला हलली तर ती ऊब. एकाने इकडे आणि दुसऱ्याने तिकडे गेली, आणि अंधारात ठेवल्यावर जागेवर राहिली, तर हात हलतोय.